आजोबांचा उजवा कान

छत्तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर बाईनं आता घरी स्वस्थ बसावं, असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि मी ते ऐकलंही. नऊ महिने बसले. दहाव्या महिन्यात जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. म्हणाले, "सिस्टर, अकरावीच्या मुलांसाठी एक वर्ग काढतोय. कुणाला पुढं नर्स व्हायचंय, कुणाला लॅबमध्ये जायचंय, कुणाला अँब्युलन्सवर. त्यांच्या हाताला आधीच वळण लागलेलं बरं. शिकवाल का?" लगेच हो म्हटलं की लोक गृहीत धरतात, म्हणून मी म्हणाले, विचार करून सांगते. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत विचार झाला आणि मी खिडकीतून ओरडून हो सांगितलं.

वर्गाला खोली मिळाली ती टेबल टेनिसची. खेळाच्या सरांना टेबल जिन्याखाली हलवावं लागलं, आणि तेव्हापासून ते रोज एकदा दारातून डोकावून जायचे. भाडेकरू कधी जागा सोडतोय हे घरमालक बघतो ना, तसे. खोलीत दोन पलंग आले, त्यांतल्या एकाचं चाक रुसलेलं. एक बेसिन आलं. आणि सरावासाठी एक रबरी पुतळा आला, तो कमरेपर्यंतच.

"कमरेपर्यंतचीच मंजुरी मिळालीय," मुख्याध्यापक म्हणाले. "खालचं पुढच्या वर्षी बघू."

आता बिनपायाच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं आणि चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं, हे मंजुरी देणाऱ्यानं येऊन दाखवावं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी विचारा, मग हात लावा', आणि कामाला लागले. वर्षभर ते पुसलं नाही. वॉर्डात मी शंभर पोरींना हेच शिकवलं होतं. रुग्णाला काय होतंय हे आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं, की समजावं आपण चुकणार.

मुलं नऊ होती. अट सरळ होती. वर्षअखेरीस गावातल्या मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन परीक्षा घेणार. नवांपैकी पाच पास झाली तर हॉस्पिटल आमच्या वर्गाशी करार करणार, मुलांना सुट्टीत वॉर्डात काम शिकायला मिळणार आणि वर्ग पुढं चालू राहणार. चार झाली तर टेबल जिन्याखालून वर येणार. पाच. हा आकडा मी झोपेतसुद्धा विसरले नाही.

तर पुतळ्याचं असं झालं की दुसऱ्याच महिन्यात त्याची मान निखळली. मुलं त्याला उशीवर ठेवायची आणि डोकं घरंगळत बेसिनखाली जायचं. मी अगदी टेकीला आले होते. अशात एका सकाळी चहा पिता पिता आमचे हे म्हणाले, "मंगळवारी मी येऊ का तुझ्या वर्गात झोपायला?"

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. हे मोजणी खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःचा नकाशा फार सोपा ठेवलाय, खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानाला संसर्ग झाला आणि तो कान गेला. तेव्हापासून ह्यांना काही सांगायचं म्हणजे मी डाव्या अंगाला जायचं आणि ठणकावून सांगायचं. आमच्या घरात काय चाललंय ते डावीकडच्या शेजाऱ्यांना सगळं माहीत. उजवीकडच्यांना काहीच माहीत नाही, आणि ते त्यांना लागतंही.

माझी खुर्ची मात्र ह्यांच्या उजवीकडे, कारण खिडकीचा उजेड तिथं येतो. दुपारी वाळलेले कपडे घेऊन मी तिथं घड्या घालत बसायची आणि बोलायची. म्हणजे स्वतःशीच. माणूस शेजारी असला की बोलायला बरं वाटतं, आणि ऐकू येत नसला की त्याहून बरं. त्या कानाला मी काय काय सांगितलं असेल याला सुमार नाही. नणंदेनं विणलेला स्वेटर म्हणजे पायपुसणं आहे, हे सांगितलं. ह्यांचा तो तपकिरी कोट लॉन्ड्रीत हरवला नाही, मीच देऊन टाकला, कारण त्यात हे नोटीस बजावायला आलेल्या माणसासारखे दिसायचे, तेही सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी चादरींच्या खोलीत दार लावून रडले, हे मी बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते ह्यांच्या उजव्या कानाला सांगितलं.

तर असा हा माणूस आपणहून म्हणाला, येतो. मला वाटलं, दिवसाढवळ्या आडवं व्हायला मिळतंय आणि वर चहा-बिस्किटं, ह्यांना आणखी काय हवं. मी म्हणाले, "या."

पहिल्या मंगळवारी हे बिचकत आले. तिसऱ्या मंगळवारी घरची उशी घेऊन आले. सहाव्या मंगळवारी त्यांनी मला विचारलं, आज मला काय झालंय? मी म्हणाले, पाय मोडलाय. तर म्हणाले, पायाचं मागच्याच वेळी झालं, आज पोटाचं घेऊ. मुलं त्यांना आजोबा म्हणायला लागली. हे कण्हायचे असे की खेळाचे सर एकदा धावत आले. पोरींनी चादर बदलताना कोपरा नीट खोचला नाही तर हे डोळे मिटल्या मिटल्या सांगायचे, "डाव्या पायाशी सुरकुती आहे." मला माझ्या आयुष्यात एवढा जागरूक पेशंट मिळाला नाही.

आणि मुलं तयार झाली, यात वाद नाही. डावीकडून जायचं, डाव्या कानात मोठ्यानं सांगायचं. उजवा गुडघा कटकट वाजतो, म्हणून तो दोन्ही हातांनी धरायचा. चष्मा काढून खिशात ठेवायचा, नाहीतर हे त्यावर झोपतात. तळपायाला हात लावायच्या आधी सांगायचं, कारण ह्यांना गुदगुल्या इतक्या होतात की मोजे काढण्याचा विषय निघाला तरी पाय पोटाशी. सगळ्यांना सगळं तोंडपाठ.

पाठ वादळालाही होतं, पण हाताला वळण एका तिच्याच नव्हतं. हे नाव ह्यांनीच ठेवलं होतं. पोरगी चलाख, पण धीर कशाशी खातात ते माहीत नाही. बीपीचा पट्टा बांधायच्या आधी फुगवायला सुरुवात. थर्मामीटर तोंडात असतानाच 'कसं वाटतंय' विचारणार. एकदा चाकाच्या खुर्चीतून ह्यांना वळणावरून असं नेलं, की हे तीन दिवस कण्हले आणि ते नाटक नव्हतं. विचारून हात लावायचा हे तर तिच्या गावीच नव्हतं. "अगं, फळ्यावर काय लिहिलंय?" मी विचारायची. ती घडाघडा वाचून दाखवायची आणि वाचता वाचता ह्यांना कुशीवर वळवलेलं असायचं. मी मनातल्या मनात हिशेब करायची तेव्हा वादळाला धरतच नव्हते. उरलेल्या आठांतून पाच काढायचे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर जमलो. रिकामा वॉर्ड, घट्ट ताणलेल्या चादरी, फिनेलचा वास. मला आत जाताच बरं वाटलं. मेट्रन म्हणजे एके काळी माझ्याच हाताखाली शिकलेली. पहिल्या आठवड्यात मी तिला एका पलंगाचा कोपरा सहा वेळा खोचायला लावला होता. तिनं मला नमस्कार केला, पण त्या नमस्कारात ते सहाही कोपरे होते. पेशंट म्हणून हॉस्पिटलचीच माणसं झोपवली होती, लॅबमधली एक तरुण मुलगी आणि स्वयंपाकघरातला आचारी. लिफ्टवाला सर्वांत शेवटी येणार होता. आमचे हे थर्मास घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. त्यांना चैन पडत नव्हतं. आपली भूमिका दुसऱ्याला दिल्यावर नटाचं होतं तसं झालं होतं.

पहिली मुलगी आत गेली. हात धुतले, छान. पलंगाला वळसा घालून डावीकडे गेली. वाकली आणि लॅबमधल्या त्या मुलीच्या डाव्या कानात ओरडली, "आजोबा, मी तुमची नाडी बघणार आहे."

ती मुलगी उठूनच बसली.

दुसरा आला. तोही डावीकडून गेला आणि ओरडला. आचाऱ्याचा धडधाकट गुडघा त्यानं दोन्ही हातांनी असा जपून धरला, की आचारी घाबरून विचारायला लागला, माझ्या गुडघ्याला काय झालंय. तिसरीनं आचाऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढायचा प्रयत्न केला. आचाऱ्याला चष्मा नव्हता. चौथ्यानं नाडी न मोजताच बासष्ट लिहिली, कारण आमच्या ह्यांची नाडी सदैव बासष्ट. मी दाराशी उभी होते. जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटत होतं, पण हॉस्पिटलची फरशी चांगली पक्की होती.

आठ जणांचं झाल्यावर मेट्रननं पेन खाली ठेवलं. "चार पास," ती म्हणाली. "हात चांगले आहेत मुलांचे. पण सिस्टर, एक विचारू? तुमचं प्रत्येक मूल डावीकडे जाऊन का ओरडतं?"

मी सांगितलं. सरावाचा पेशंट एकच होता, आणि त्याचा उजवा कान गेलेला.

"मग समोरच्या माणसाला कुठून ऐकू येतंय, ते आधी विचारायचं, हे शिकवलं नाही?"

फळ्यावरची ओळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चार झाले होते आणि उरलं होतं वादळ. ती दारातच उभी होती आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं.

तेवढ्यात निरोप आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय आणि लिफ्टवाला आत आहे. पेशंट नाही. मेट्रननं बाहेर पाहिलं. आमचे हे बाकावरून अर्धे उठलेलेच होते.

"तुमच्या मुलांना हे पाठ आहेत," मेट्रन म्हणाली. "पाठ असलेल्या माणसावर काय परीक्षा घ्यायची? पण दुसरं कुणी मोकळं नाही. असं करू. या मुलीनं ह्यांना आज पहिल्यांदाच बघतेय असं समजून सगळी विचारपूस करायची. दिसतं कसं, ऐकू येतं कसं, दुखतं कुठं. ती जे लिहील ते मी ह्यांना विचारून ताडून बघणार. एक नोंद चुकली तरी नापास."

माझ्या जिवात जीव आला. ह्यांच्याबद्दलचं काहीही वादळाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पाच झालेच म्हणून समजा.

हे पलंगावर आडवे झाले, चेहऱ्यावर यथोचित वेदना आणली. वादळानं हात धुतले. मग ती चालत गेली, आणि उजवीकडे गेली. मी दारातून हातवारे केले. तिनं बघितलं नाही. उशीपाशी वाकून तिनं अगदी हळू आवाजात म्हटलं, "आजोबा, आधी तुमचे मोजे काढते हं."

ह्यांचे दोन्ही पाय पोटाशी गेले.

वादळ थांबली. वर्षभरात मी तिला थांबलेली पहिल्यांदा बघितली. तिनं पायांकडे पाहिलं, मग कानाकडे. "आजोबा, या कानानं ऐकू येतं तुम्हाला?" तिनं तशाच हलक्या आवाजात विचारलं. हे छताकडे बघत राहिले. चेहरा कोरा.

"अगं, डावीकडून विचार," मी म्हणाले.

"सिस्टर, तुम्ही बोलायचं नाही," मेट्रन म्हणाली.

वादळानं आणखी एकदा विचारलं, क्षणभर वाट पाहिली, आणि तक्त्यावर पेननं लिहून टाकलं. दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं.

संपलं. मला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं. अकरा वर्षांचा बहिरा कान हिनं एका ओळीत बरा केला होता, आणि शाईनं. जिन्याखालचं टेबल मला चार पायांवर वर चढताना दिसायला लागलं. पुढचं तिनं सगळं बिनचूक केलं, विचारून केलं, हळू केलं, आणि ते बघून मला आणखीच वाईट वाटत होतं.

मेट्रननं तक्ता हातात घेतला. "ऐकण्याबद्दल विचारून लिहिलंस?"

"विचारलं," वादळ म्हणाली. "तोंडानं सांगितलं नाही त्यांनी. पायांनी सांगितलं."

मेट्रन ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "साहेब, खरं सांगा. उजव्या कानानं ऐकू येतं का?"

हे उठून बसले. त्यांनी वादळाकडे पाहिलं, मग दाराकडे, माझ्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचा असा चेहरा दोनदाच बघितलाय. एकदा साखरपुड्याला आणि एकदा दाढ काढायच्या आधी.

"येतं," ते म्हणाले.

मला भरून आलं. म्हटलं, बघा, माझ्या वर्गासाठी हा माणूस चक्क खोटं बोलतोय. पण मेट्रन माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं ह्यांना डाव्या कानावर तळहात घट्ट दाबायला लावला, उजवीकडे मागं सरकली आणि मला दारातून ऐकू येणार नाही इतकं हळू तीन आकडे कुजबुजली.

"सात," हे म्हणाले. "चार. नऊ."

मेट्रननं तक्ता वादळासमोर धरला.

"कधीपासून येतं?" वादळानं विचारलं, कारण तक्त्यावर पुढचा रकाना तोच होता.

"पहिल्यापासूनच. मधे तीन आठवडे येत नव्हतं, औषधानं बरं झालं."

"मग सिस्टरना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही," हे म्हणाले.

मेट्रननं मान खाली घालून सही केली. तिचे खांदे हलत होते. "पाच," ती म्हणाली. "करार उद्या पाठवते. आणि सिस्टर, 'आधी विचारा, मग हात लावा', ही ओळ तुमचीच ना? मला अजून पाठ आहे."

मुलं आरडाओरडा करत जिन्यानं खाली पळाली. वादळ सर्वांत पुढं होती आणि वाटेत कुणाला तरी धडकलीच. आम्ही दोघं मागून उतरलो. मी ह्यांच्या उजवीकडून चालत होते, सवयीनं, आणि अकरा वर्षांत त्या बाजूनं काय काय बोलले ते एकेक आठवत होते. प्रत्येक पायरीला एकेक. स्वेटर. वजन. ह्यांच्या मित्राची बायको. तपकिरी कोट. एका बटणासाठी लॉन्ड्रीवाल्याशी अर्धा तास वाद घालणारा हा माणूस अख्खा कोट हरवला तेव्हा एक शब्द बोलला नव्हता, आणि मला वाटलं होतं, वयानं निवळले. मला संताप आला. छत्तीस वर्षं लोकांचे कान तपासले आणि घरातला एक कान बरा झालाय का, हे बघायचं सुचलं नाही, म्हणून स्वतःचाही आला. दुसऱ्या मजल्यावर मी तोंड उघडलं, ह्यांना चांगलं फैलावर घ्यायला.

आणि तिथंच मला ती दुपार आठवली. पुतळ्याची मान निखळली त्या दिवसांतली. मी उशांचे अभ्रे घडी करत होते, आणि त्या कानाला म्हणाले होते, हा वर्ग बंद पडला तर मी सकाळी उठू तरी कशाला? मोठ्यानं नव्हते म्हणाले. अभ्र्याला सांगावं तसं म्हणाले होते. हे पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चहा पिता पिता विचारलं होतं, मंगळवारी मी येऊ का झोपायला.

मी कठड्याला धरून उभी राहिले. हे दोन पायऱ्या पुढं गेले होते, तेही थांबले, पण मागं वळले नाहीत. उजवा कान माझ्याकडे होता. वर्षभर हा माणूस दर मंगळवारी त्या टोचणाऱ्या पलंगावर आडवा झाला, नऊ पोरांनी त्याला घुसळला, आणि मी म्हणत होते बिस्किटांसाठी येतो.

मला बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, आणि तेही हळू, नेहमी त्या बाजूनं बोलते तसं. "पुढच्या वर्षी येणार का हो?"

हे समोर बघत उभे राहिले, काही ऐकूच आलं नसावं असे. मग एक पायरी उतरले.

"येईन," ते म्हणाले. "पण त्या पुतळ्याचे पाय आले तरी मलाच ठेव. आणि आता कोटाचं बोलू."